सक्तीने सुरू झालेली सेवासुद्धा मुरते

शाळेतल्या मुलांकडून समाजसेवा सक्तीने करून घेतली तर ती सेवा कसली, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला मनापासून पटत नाही. आम्ही अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात राहतो. इथे सरकारी शाळेतून बारावी व्हायचं तर ७५ तासांची सेवा, किंवा त्या जिल्ह्याने मंजूर करून घेतलेला सेवेचा कार्यक्रम, पूर्ण करावाच लागतो. नियम १९९२ चा, १९९७ च्या तुकडीपासून लागू झालेला.

माझी मुलगी आठवीत तास भरायचे म्हणूनच फूड बँकेत, म्हणजे दान आलेलं अन्न गरजूंना देणाऱ्या संस्थेत गेली, तेही तोंड पाडून. काम दान आलेले अन्नाचे सीलबंद डबे तपासायचं: तारीख उलटलेले, फुगलेले, शिवणीवर चेपलेले बाजूला काढायचे. तिसऱ्या शनिवारी गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, लोक घरात नको असलेलंच देतात गं. आपणही तसंच दिलं होतं ना?" मी गप्प बसले, कारण खरं होतं. आता आमच्याकडून जाणारी पिशवी तीच भरते.

माझी तक्रार वेगळी आहे. तयारी, प्रत्यक्ष काम आणि त्यावर विचार, असे तीन टप्पे ठरलेले आहेत. त्यातला तिसरा फॉर्मवर दोन ओळी खरडून उरकला जातो. शिक्षकांनी दहा मिनिटं बसून "काय दिसलं तुला?" एवढं विचारलं तरी खूप होईल.

आणि शाळा सुटल्यावर दुकानात काम करणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलं? त्यांच्यासाठी हे तास शाळेच्या वेळेतच बसवायला हवेत. काही जिल्ह्यांनी ते अभ्यासक्रमात घातलेही आहेत.