कॉमिक्स वाचणं म्हणजे वाचणंच. तुमचं मत काय?

रानजाई

बालवाचनालय चालवताना एक वाक्य सारखं कानावर येतं: "ताई, त्याला कॉमिक्स नको, काहीतरी वाचायचं पुस्तक द्या." या वाक्याशी माझं भांडण आहे, म्हणून हा धागा काढतेय.

कॉमिक्सची बाजू घेणारेही बहुतेक वेळा एवढंच म्हणतात की असू द्या, यातूनच पुढे मोठी पुस्तकं वाचेल. मला ही वकिलीसुद्धा पटत नाही. तसं म्हटलं की कॉमिक्सला स्वतःची काही किंमतच उरत नाही. माझं म्हणणं असं की हे पूर्ण वाचन आहे, आणि ते शिकावं लागतं.

शिकारी शंभू आठवतोय ना? टिंकल या मुलांच्या इंग्रजी कॉमिक्समधला. लुईस फर्नांडिस यांच्या लेखणीतून आणि वसंत हळबे यांच्या कुंचल्यातून आलेला. त्याची टोपी कायम नाकापर्यंत ओढलेली, डोळे कधीच दिसत नाहीत. दुसरी-तिसरीतल्या मुलांबरोबर मी त्याची एक गोष्ट वाचत होते. अंक इंग्रजी, सांगणं मराठीत. एका चौकटीत ना बोलण्याचा फुगा होता, ना शब्द. मी विचारलं, "शंभूला काय वाटतंय?" सगळे ओरडले, "घाबरलाय!" म्हटलं, "कशावरून? डोळे तर दिसत नाहीत." मग बोटं पानावर फिरायला लागली. कोणी घामाचे थेंब दाखवले, कोणी गुडघ्यांशेजारच्या थरथरीच्या दोन बारीक रेघा दाखवल्या. एका मुलीने बंदुकीची खाली वळलेली नळी दाखवली. पुढच्या चौकटीत शंभू थेट झाडावर. तो तिथे कसा पोचला, हे चित्रात कुठेच नाही. ते प्रत्येकाने आपापलं सांगितलं, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत म्हणून वादही झाला.

दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी मुलं स्वतः भरतात. याला वाचन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

फळा_खडू

रानजाईताई, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात लिहिणार आहे. माझी सगळी नोकरी मराठी शिकवण्यातच झाली, त्यामुळे भाषेच्या अंगाने बोलतो.

कॉमिक्समध्ये वाक्यं असतात ती फुग्यात मावतील एवढी. "पळा!", "हे काय?", "थांब, बघतो तुला." जोडवाक्य नाही, वर्णन नाही. 'जरी-तरी', 'जसजसं-तसतसं', 'म्हणून' अशी वाक्यं एकमेकांना जोडणारी रचना मुलाच्या कानावर आणि डोळ्यांवर पडणार कुठून? सातवीच्या मुलाला पावसावर पाच ओळी लिहायला सांगा. "पाऊस पडला. मजा आली." इथे गाडी थांबते. गद्य वाचणाऱ्या मुलाचं असं होत नाही, हे मी वर्षानुवर्षं वह्या तपासून सांगतो.

दुसरं, पावसाचा परिच्छेद वाचताना मुलाला पाऊस मनात स्वतः उभा करावा लागतो. चित्रात तो आयता मिळतो. तुमच्या मुलांनी दोन चौकटींमधलं भरलं, छान. पण गद्यात सगळंच भरायचं असतं.

मुलाकडे दिवसाकाठी वाचायला वेळ असतो तो अर्धा तास. तो कशाला द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. 'किशोर'सारखं मासिक बालभारती १९७१ पासून काढतेय. त्यात गोष्ट आहे, कविता आहे, चित्रंही आहेत. ते का नको?

ओहायोकर

सर, तुमच्या वर्गात आलेल्या मुलांच्या घरात मराठी होतीच. माझी मुलगी इथे अमेरिकेत जन्मली, शाळेत दिवसभर इंग्रजी. देवनागरी तिला वाचता येते, पण सलग मजकुराचं पान बघितलं की ती पुस्तक मिटते.

तिला चालला तो 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू केलेली चित्रमालिका, तिचे संग्रह मी भारतातून आणले. तीन-चार चौकटी, संपलं. एक गोष्ट पूर्ण वाचल्याचं समाधान तिला दोन मिनिटांत मिळतं. आणि त्यातली भाषा बघा. चिंटूचं आईशी बोलणं, पप्पू-मिनी-बगळ्याची भांडणं, जोशीकाकूंचं ओरडणं. ही घरातली, अंगणातली मराठी आहे. आमच्याकडे तीच कमी पडते. पावसाचं वर्णन तिला इंग्रजीत येतं, "अगं थांब ना, मी पण येते" हे येत नव्हतं. लहान वाक्यं तुम्हाला उणीव वाटतात, आमच्यासाठी ती मोठा आधार आहेत.

साधा_वाचक

भाषेचं राहू द्या, त्यातल्या मारामाऱ्यांचं काय? ढिशुम-ढिशुम बघूनच मुलं हात उगारतात. अमेरिकेत एका मानसोपचारतज्ज्ञाने पन्नासच्या दशकातच हे सिद्ध केलं होतं असं वाचलंय.

चित्रविचित्र

@साधा_वाचक, तुम्ही म्हणताय ते फ्रेडरिक वर्थॅम. त्यांचं पुस्तक १९५४ मध्ये आलं, त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. पोलीस, न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, 'हॉरर' हा शब्द नावात घ्यायचा नाही, इथपर्यंत. कित्येक चित्रकारांचं काम गेलं. पुढे वर्थॅम यांची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली, ती कॅरल टिली यांनी तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्यांनी मुलांची बोलणी फिरवली होती, वगळली होती, काही ठिकाणी अनेकांचं एकाच्या तोंडी घातलं होतं. तेव्हा 'सिद्ध केलं' हे नका म्हणू.

@फळा_खडू सर, मी चित्रकला शिकवतो. 'आयतं मिळतं' यावर माझा आक्षेप आहे. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं बघा, एक अक्षर नसतं. मोहिनी मासिकाचं ते प्रसिद्ध मुखपृष्ठ आठवा: बसच्या रांगेत एका तरुणीच्या साडीवर उंदीर, एका तरुणाच्या शर्टावर मांजरं. गोष्ट कुठे लिहिलीय? पण बघणाऱ्याला ती कळते, कारण तो ती जुळवतो. याच फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली, आणि ती बघत महाराष्ट्रातली मुलं बेरीज-वजाबाकी शिकली. चित्र आलं की डोकं बंद पडतं, असं असतं तर तो प्रयोग फसला असता.

कोरा_कागद

मी तिसऱ्याच बाजूने विरोधात आहे. कॉमिक्स कमकुवत आहे म्हणून मला भीती वाटत नाही. ते फार ताकदवान आहे, म्हणून वाटते.

आमच्या पिढीने अमर चित्र कथा वाचून पुराणं आणि इतिहास शिकला. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ती सुरू केली ती, ग्रीक देवांची नावं सांगणाऱ्या आपल्या मुलांना रामाच्या आईचं नाव सांगता येत नाही, या कळवळ्याने. हेतूबद्दल मला आदर आहे. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या रेषेबद्दलही. पण ते अंक आज उघडून बघा. असुर काळे, आडदांड, सुळे बाहेर आलेले. नायक गोरे किंवा निळे, कोरीव नाकाचे. हे शब्दांत लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने 'काळा' शब्दाला कदाचित अडखळून प्रश्न विचारला असता. चित्र प्रश्न विचारू देत नाही. ते थेट आत जाऊन बसतं. माझ्या डोक्यातला राक्षस अजून त्याच रंगाचा आहे आणि मला त्याचा राग येतो.

इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, म्हणजे फँटम, बघा. १९६४ ते १९९० पर्यंत चाललेली मालिका, मराठीतही घरोघर. जंगलात पिढ्यानपिढ्या एक गोरा माणूस न्याय देतो आणि तिथले लोक त्याच्याकडे बघत राहतात. यावर आपण वाढलो. टिनटिनच्या कांगोतल्या गोष्टीत आफ्रिकी माणसं कशी काढली आहेत, हे बघवत नाही. टिनटिनचे चित्रकार एर्झे यांनी ती १९४६ मध्ये नव्याने काढली, तरी माणसांचे ते चेहरे राहिलेच.

माळ्यावरचे जुने गठ्ठे काढून "आमचं बालपण घ्या" म्हणत मुलांना देणारे खूप बघतो. ते थांबायला हवं.

रानजाई

@कोरा_कागद, असुरांच्या रंगाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरचा उपाय कॉमिक्सपासून लांब राहणं नाही. त्याच माध्यमात दुसऱ्या कोणी काय केलंय, ते मुलांसमोर ठेवू या.

'भीमायन' बघा. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने काढलेलं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चितारलेलं. आंबेडकरांचं लहानपण, मसूर स्टेशनवर उतरलेली ती मुलं, जातीचं नाव कळताच बदललेला स्टेशनमास्तर. पात्रांना चौकटीत कोंडायचं नाही असं व्याम दांपत्याने ठरवलं, म्हणून चौकोन नाहीतच. गोंड घरांच्या भिंतीवरची दिग्ना नक्षी पानभर वळत जाते. आणि फुगे बघा. साध्या, सोसणाऱ्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याचं बोलणं डसतं, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. पाचवीतल्या एका मुलाने दोन पानं उलटल्यावर मजकूर न वाचताच सांगितलं, "हा माणूस वाईट बोलणार आहे."

सर, हे गद्यात कसं आणाल? मी आव्हान म्हणून विचारत नाहीये, मला खरंच वाटतं की हे तिथे होत नाही.

फळा_खडू

'भीमायन' मी पाहिलेलं नाही, मिळवून बघेन. पण तुमच्या उदाहरणानेच माझा मुद्दा पुढे जातो. ते मूळ इंग्रजी पुस्तक. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वर श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' आलं, तेही २०११ मध्ये आणि इंग्रजीत. १८७३ साली मराठीत लिहिलेलं पुस्तक, त्याची चित्रकादंबरी इंग्रजीत वाचायची! तुमच्या वाचनालयातलं कॉमिक्सचं कपाट उघडा आणि त्यात मराठी किती आहे ते बघा. कॉमिक्सची गोडी लावताना आपण मुलाला हळूहळू इंग्रजी कपाटाकडे सरकवतोय. मराठी गद्याचं कपाट मात्र भरलेलं आहे आणि धूळ खातंय. मला हे सलतं.

चित्रविचित्र

हे सलायलाच हवं, सर. पण याचा दोष वाचणाऱ्या मुलावर का टाकायचा? प्रताप मुळीक, दिलीप कदम, वाईरकर, हळबे ही सगळी मराठी नावं. हात आपल्याकडे होते. मराठी प्रकाशकाने मोठ्या मुलांसाठी शंभर-दीडशे पानांची चित्रकथा काढायची म्हटलं तर चित्रकाराला वर्षभराचा पगार द्यावा लागेल आणि पुस्तकाची किंमत वाढेल. पालक ते विकत घेत नाहीत, कारण त्यांना ते 'वाचायचं पुस्तक' वाटत नाही. म्हणजे रानजाईने पहिल्या ओळीत लिहिलेल्या वाक्यामुळेच ते कपाट रिकामं आहे.

आजोळ

मला व्यवहारातला सल्ला हवाय. मुलगा बारा वर्षांचा. त्याच्या वाढदिवसाला कोणीतरी 'माऊस' दिलं. मुखपृष्ठावर उंदीर बघून आम्हाला लहान मुलांचं वाटलं. आत बघितलं तर छळछावण्या. द्यायचं का? अमेरिकेत बंदी आली होती ना त्याच्यावर?

ओहायोकर

देशभर बंदी नाही. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळामंडळाने ते आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढलं. कारण दिलं काही शिव्या आणि एका उघड्या देहाचं चित्र. ज्या पुस्तकाला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला, ज्यात लेखकाने आपल्या वडिलांकडून ऑशविट्झची हकिगत ऐकून मांडली, त्यात मंडळाला खटकल्या त्या शिव्या! इथल्या मराठी घरांतही त्यावर बराच वाद झाला.

कोरा_कागद

मंडळाचं कारण चुकीचं होतं, पण आजोळताईंचा प्रश्न चुकीचा नाही. 'चित्रांचं आहे म्हणजे लहानांचं' या समजुतीनेच असं पुस्तक बारा वर्षांच्या मुलाच्या हातात न बघता पडतं. त्यात लेखकाच्या आईच्या आत्महत्येवरची चार पानं आहेत, वेगळ्याच शैलीत, काळीकुट्ट. मोठ्या माणसालाही ती पचत नाहीत. मी माझ्या भाचीला चौदाव्या वर्षापर्यंत दिलं नसतं.

रानजाई

आजोळताई, मी वयाचा आकडा सांगणार नाही. आधी तुम्ही स्वतः पूर्ण वाचा, दोन संध्याकाळी पुरतात. मग त्याला विचारा की दुसऱ्या महायुद्धाबद्दल काय माहीत आहे. काहीच माहीत नसेल तर थांबा. नकाशावर पोलंड दाखवा, हिटलर कोण ते सांगा. माहीत असेल तर पहिला भाग द्या आणि तो वाचत असताना त्याच खोलीत असा. ती चार पानं पहिल्याच भागात आहेत. ती त्याच्याबरोबर बसून वाचा किंवा सांगून टाका की ही आत्ता सोडू या. मुलं 'सोडू या' मान्य करतात, कारण सांगितलं तर.

आणि सर, तुमच्या मुद्द्यावर मी एक करू शकते. वाचनालयात दर शनिवारी कॉमिक्सच्या एका पानाची गोष्ट मुलांकडून लिहून घेईन, फुग्यातली वाक्यं न वापरता. शंभू झाडावर कसा चढला ते दहा ओळींत. तुम्ही वह्या तपासाल?

फळा_खडू

वह्या पाठवा, तपासतो. लाल शाईने. पण माझी अटही ऐका. ज्या मुलाला महिन्यात चार कॉमिक्स द्याल, त्याला एक मराठी गद्य पुस्तकही घरी न्यायला लावायचं आणि परत करताना त्याबद्दल दोन वाक्यं विचारायची. हे होत नसेल तर माझा विरोध कायम आहे, तेवढा नोंदवून ठेवा.

रानजाई

चार नाही, दोनच देतो आम्ही एका वेळी. अट मान्य, पण पुस्तक मूल निवडेल. तुम्ही किंवा मी नाही.