रोजची ॲसिडिटीची गोळी आणि बी-१२

वडिलांच्या रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलंत, त्यावर 'ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घेतली तर बिघडतं काय, आम्ल कमी झालेलं बरंच' असं वर एकांनी लिहिलंय. जळजळ थांबते हे खरं, पण आम्लाला काम असतं हो. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटं करायला जठरातलं आम्ल आणि पेप्सिन हे पाचक द्रव्य लागतं. मग जठराच्याच अस्तरातून पाझरणारं एक प्रथिन त्याला धरतं आणि पार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं. सुरुवातच अडली तर पुढे कमीच पोचणार.

आमच्या आईचं हेच झालं. पूर्ण शाकाहारी, म्हणजे बी-१२ येणार ते दूध-दह्यातूनच, आणि त्यात सात वर्षं रोज उपाशीपोटी गोळी. यकृतात साठा असतो, म्हणून बराच काळ काही जाणवत नाही. ठाण्यातल्या कचराळी तलावाला रोज फेऱ्या मारणारी बाई, एके दिवशी डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि चार पावलं तिला कळलंच नाही. पायाला मुंग्या येतात असं ती आधीपासून म्हणायची, आम्ही वयावर ढकललं. याचं मला अजून वाईट वाटतं. तपासणीत बी-१२ अगदी तळाला, त्यानेच पायाच्या नसांवर परिणाम झालेला. इंजेक्शनं सुरू झाली, गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली, कारण एकदम सोडली की आम्ल उसळून येतं. मुंग्या जायला चार महिने लागले. तुमच्या वडिलांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही चालू आहे म्हणता, त्यानेही बी-१२चं शोषण घटतं. त्यांची तपासणी या आठवड्यातच करून घ्या.