गोवा बाल कायदा: शासनाची प्रगती नेमकी कुठे तपासावी?

पेडण्याचा पालक:
शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत बालहक्कांवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गोवा बाल कायदा २००३ साली, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या केंद्राच्या पोक्सो कायद्याच्या नऊ वर्षे आधी झाला, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. तेवढ्यावरून प्रगती झाली असे म्हणावे का?

पणजीकर वकील:
अभिमान अगदीच अस्थानी नाही. १९९१ मध्ये मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सने तिथल्या मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा मुलग्यांवरील अत्याचारासाठी दंड संहितेच्या कलम ३७७ खेरीज फारसे काही हाताशी नव्हते. २००३ च्या कायद्याने शाळेतील मारहाणीवर बंदी घातली, पणजीत बाल न्यायालय आणले आणि फोटो धुणाऱ्या स्टुडिओला मुलांचे अश्लील चित्रण आढळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक केले. (आज रोल धुवायला कोण जातो, हा प्रश्न वेगळा.) प्रगती तपासायची असेल तर खटल्यांच्या तारखा पाहा. पोक्सोच्या कलम ३५ नुसार बालकाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात पूर्ण व्हायला हवा. तो किती प्रकरणांत झाला, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते.

कळंगुटचा गेस्टहाउसवाला:
वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य, पण कोर्टाच्या आधीची पायरी आमच्या काउंटरवर असते. कुटुंबीय वा रक्ताच्या नातेवाइकांसोबत नोंद असल्याशिवाय मुलाला खोलीत सोडायचे नाही आणि सोडले तर जबाबदार आम्ही, असे हाच कायदा सांगतो. गेल्या मोसमात रात्री साडेनऊच्या सुमारास एक पाहुणा किनाऱ्यावर माळा विकणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आला आणि ‘याला वर जेवू घालतो’ म्हणाला. आमच्या काउंटरवरच्या माणसाने खोलीची चावी दिली नाही. ताट अंगणातच वाढले आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन केला. मुलगा अर्धी पोळी खिशात घालून बसला होता, ती धाकट्या बहिणीसाठी. इतक्या वर्षांत परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचे सी-फॉर्म पाहायला अनेकजण आले, परंतु मुलांच्या नोंदी कोणीही मागितल्या नाहीत. माझ्या मते प्रगती मोजायची ती इथे.

पेडण्याचा पालक:
दोघांचेही आभार. आमच्या मुख्याध्यापिका विचारतात, की वर्गात एखाद्या मुलीने काही सांगितले तर शाळेने आधी स्वतः चौकशी करावी का?

पणजीकर वकील:
करू नये. पोक्सोच्या कलम १९ नुसार शंका आली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावेच लागते, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. जबाब मुलीच्या घरी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. पोलीस जीप शाळेच्या फाटकाशी उभी राहील, या भीतीने बाईंनी थांबू नये.