दरवर्षी फुलणारे ट्युलिप: कोणते कंद घ्यावेत, कसे लावावेत?

अंगणवेडी (ॲम्स्टलवेन)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं मनात घोळणारा प्रश्न शेवटी इथे विचारतेय.

२०२२च्या ऑक्टोबरात शनिवारच्या बाजारातून ट्युलिपच्या कंदांची जाळीची पिशवी आणली. साठ कंद, सगळे रंग एकत्र. घरामागे हिरवळीच्या कडेने लावले. पुढच्या एप्रिलात अशी फुलं आली की शेजारच्या डच आजी कुंपणाशी येऊन बघत उभ्या राहायच्या. २०२४मध्ये मोजून अकरा फुलं, तीही बुटकी. यंदा दोन. बाकी सगळीकडे एकेक रुंद पान येतं, जमिनीवर लोळतं आणि पिवळं पडतं. कळीचा पत्ता नाही.

आजी म्हणतात, ट्युलिप दरवर्षी नवेच लावायचे असतात. गार्डन सेंटरमधला मुलगाही तेच म्हणाला. पण आमच्याच गल्लीच्या टोकाला एका घरापुढे लाल ट्युलिपचा ताटवा आहे. आम्ही २०१७ साली इथे राहायला आलो तेव्हापासून तो दर एप्रिलात फुलतो, आणि तिथे कुणी खणताना मला एकदाही दिसलेलं नाही. म्हणजे जमत असणार ना? आईच्या दारातला निशिगंध वर्षानुवर्षं येत होता. त्यामुळे कंद एकदा लावला की तो आपला, असंच मी धरून चालले होते. दरवर्षी साठ कंद उपटून कचऱ्यात टाकायला मन धजत नाही.

आमची माती चिकट, हिवाळ्यात पाणी साचतं. कंद चार बोटं खोल लावले होते. फुलं गेल्यावर पानं अस्ताव्यस्त पडतात म्हणून मेच्या सुरुवातीला कापून टाकते. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाआड पाणी. माझं चुकतंय कुठे? आणि या वेळी कोणते कंद घेऊ?

निफाडची लेक (हार्लेम)

ताई, तुमच्या शेवटच्या चार ओळींतच सगळं उत्तर आहे. सविस्तर लिहिते, कारण हे मला फार जवळचं आहे.

मी निफाडची. घरी उन्हाळ कांदा. लहानपणापासून वडिलांचं एकच वाक्य ऐकत आले, कांदा पातीवर पोसतो. पात हिरवी असेतो कांद्याला हात लावायचा नाही. माना पडायला लागल्या की पाणी तोडायचं, मग काढायचा, पातीसकट शेतात वाळवायचा, आणि मगच कांदाचाळीत. इथे आल्यावर दोन उन्हाळे मी एका बल्बवाल्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये कंद सोलायला जात होते. इथली शाळेतली मुलं सुट्टीत करतात ते काम. पहिल्याच दिवशी ट्युलिपचा कंद हातात घेतला आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच पीक आहे.

फरक एकच, आणि तो कळला की बाकी सगळं कळतं. तुम्ही ऑक्टोबरात जो कंद लावता तो पुढच्या जूनपर्यंत जिवंत राहतच नाही. फूल आणि पानं वाढवताना तो स्वतः संपतो. जूनमध्ये एखादं झाड हळूच उकरून बघा. जुन्या कंदाची तपकिरी, कागदासारखी रिकामी साल हातात येईल, वाळलेला दांडा बाजूला चिकटलेला असेल, आणि त्या सालीच्या आत नवे कंद एकमेकांना टेकून बसलेले दिसतील. एक मोठा, दोन-तीन लसणाच्या पाकळीएवढे. पुढच्या वर्षीचं फूल त्या मोठ्याचं. तो पुरेसा पोसला नसेल तर त्यातून फक्त एक रुंद पान येतं. तुम्हाला दिसतंय तेच. तुमच्या बागेत कंद मेलेले नाहीत, बारीक झालेत.

आणि हे नवे कंद पोसायला वेळ किती मिळतो? फूल गळल्यापासून पान पिवळं होईपर्यंतचे जेमतेम सहा आठवडे. ट्युलिपचं खरं पीक ते. तुम्ही नेमकी तेव्हाच पात कापताय. इकडचे शेतकरी तर फूल पूर्ण उमललं की यंत्राने शेतातली सगळी डोकी उडवतात. लांबून आलेले लोक हळहळतात, पण आपल्याकडे कांद्याचा डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, मोडतात ना, तसंच ते. बी धरण्यात जोर जाऊ नये म्हणून फुलाचं फक्त डोकं खुडायचं. दांडा ठेवायचा, तोही हिरवा असतो, तोही कामाला लागलेला असतो. आणि पानांना वेणी घालणं, रबर लावणं असलं काही करू नका. पडू देत अस्ताव्यस्त.

आता पाणी. ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांतला, तिएन शान, पामीर त्या बाजूचा. हिवाळाभर बर्फ, वसंतात ओल, आणि मग उन्हाळा कडक कोरडा. हॉलंडमध्ये तो नंतर आला. लायडन विद्यापीठाच्या बागेत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लावलेले ट्युलिप १५९४मध्ये फुलले. चारशे वर्षं इथे राहूनही त्याची कोरड्या उन्हाळ्याची सवय गेलेली नाही. त्या कोरड्या, उबदार दिवसांत कंदाच्या पोटात पुढचं फूल घडतं. ऑक्टोबरात एखादा कंद सुरीने उभा चिरून बघा, एक कंद जाईल पण जन्मभर लक्षात राहील. पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध फिकट पिवळसर, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, अख्खं फूल असतं, सहाही पुंकेसरांसकट. थंडीची गरज लागते ती त्या फुलाचा दांडा लांबायला, फूल त्याआधीच तयार असतं. अशा वेळी तुमच्या कंदांवर दिवसाआड फवारा चाललेला असतो. कांदा चाळीत ठेवून वरून पाणी मारल्यासारखंच झालं हे.

आजी खोटं सांगत नाहीत. क्यूकेनहोफ या इथल्या प्रसिद्ध ट्युलिप बागेत दर शरद ऋतूत सुमारे ७० लाख कंद नव्याने लावतात, कारण तिथे प्रत्येक फूल प्रत्येक वर्षी हवंच असतं. त्यावरून सगळ्यांची समजूत झालीय की ट्युलिप एकाच वर्षाचा. तसं नाही. जात आणि जागा या दोन्हींवर ते अवलंबून आहे.

जातीचं सांगते. तुमच्या गल्लीतला तो लाल ताटवा न बघता मी म्हणेन, तो 'आपेलडोर्न' असणार. डार्विन हायब्रिड वर्गातला, लेफेबर या डच ट्युलिपवाल्याने संकरातून केलेला, १९५१चा. जुने डार्विन ट्युलिप आणि मध्य आशियातला रानट्युलिप 'फोस्टेरियाना' यांच्या संकरातून हा वर्ग आला, आणि त्या डोंगरी रक्तामुळे त्याचे कंद दांडगे होतात. लाल हवा तर 'आपेलडोर्न', पिवळा 'गोल्डन आपेलडोर्न', गुलाबी 'पिंक इंप्रेशन'. पांढरा हवा असेल तर फोस्टेरियानातला 'पुरिसिमा', लवकर फुलतो, दुधाच्या सायीचा रंग. झालरीवाले पॅरट आणि दुहेरी पाकळ्यांचे मोठे ट्युलिप मात्र एक वर्ष बघून सोडून द्यावेत असेच. मिश्र पिशवीत तेच जास्त निघाले असतील.

आणि माझे लाडके म्हणजे रानट्युलिप, इथे 'बोटानिश' नावाने मिळतात. 'टार्डा' वीतभरसुद्धा उंच होत नाही, एका कंदाला चार-पाच फुलं, पिवळी, टोकं पांढरी. 'लेडी जेन' बाहेरून गुलाबी, आतून पांढरी. ऊन आलं की उघडते, ढग आला की मिटते. हे दरवर्षी कमी होत नाहीत, वाढतात. पाकिटावर 'फरविल्डरिंग' शब्द दिसला तर डोळे मिटून घ्या. त्याचा अर्थ आपलं आपण पसरणारं.

आकारही बघा. पाकिटावर ११/१२ किंवा '१२/ऑप' (बारा आणि त्याहून मोठा) असं लिहिलेलं असतं, तो कंदाचा सेंटिमीटरमधला घेर. मोठ्या फुलाच्या ट्युलिपला १२च्या खाली घेऊ नका. दाबून बघा, कांद्यासारखा घट्ट लागला पाहिजे.

लावायचे नोव्हेंबरात. सप्टेंबरात दुकानं भरतात तेव्हा विकत घ्या, पण माती गार होईपर्यंत कोरड्या जागी टांगून ठेवा. ऊबदार ओल्या मातीत लवकर लावले तर पानं होरपळल्यासारखी करणारी बुरशी धरते. मोठ्या जाती पुरती एक वीत खोल. चार बोटांवर कंद फुटून बारके होत जातात, आणि पुढे खणताना त्यांना कुदळीचा घावही बसतो. रानट्युलिप त्याच्या निम्मे.

खारुताई वैतागली (एडिसन, न्यू जर्सी)

वरच्या पोस्टला मनापासून अनुमोदन. आमच्याकडेही चिकणमाती आणि शिवाय उन्हाळ्यात वादळी पाऊस, तरी 'पिंक इंप्रेशन'ला पाच वर्षं झाली. आमचा शत्रू वेगळा, खारी. लावल्याच्या दुसऱ्या सकाळी खड्डे. आता कंदांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी पसरते, वर माती, कोंब जाळीतून बरोबर वर येतात. मधे मधे डॅफोडिल लावा, त्याला खार तोंड लावत नाही, हरीणही नाही. हरणांनी मात्र एका वर्षी उमलायच्या आदल्या रात्री ट्युलिपच्या सगळ्या कळ्या खाल्ल्या. त्यावर कुंपणाशिवाय मला काही सापडलेलं नाही.

बाल्कनीवाली काकू (पुणे)

फार छान माहिती. माझा मुलगा दिवाळीत येताना कंद आणणार आहे. पुण्यात कुंडीत दरवर्षी येतील का? फ्रिजमध्ये ठेवून लावतात असं ऐकलंय.

निफाडची लेक (हार्लेम)

काकू, एकदा येतील, दरवर्षी नाही. आणायच्या आधी विमानतळाचे रोपांबद्दलचे नियम त्याला नीट बघायला सांगा. कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बारा ते चौदा आठवडे ठेवावे लागतील, आणि तेवढे दिवस त्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. म्हणजे लावणी थेट जानेवारी-फेब्रुवारीत, आणि फूल यायच्या सुमाराला तुमचं ऊन तापायला लागलेलं. पानं तीन आठवड्यांत करपतात, मग नवा कंद पोसणार कशावर? हौस म्हणून दहा कंद जरूर लावा, सकाळच्या उन्हात, दुपारी सावली. दरवर्षी परत भेटणारा कंद हवा असेल तर तुमच्या बाल्कनीत निशिगंधच.

आपल्या देशातला ट्युलिप बघायचा असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला श्रीनगरला जा. दल सरोवराजवळची मोठी बाग २००७ साली खुली झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून काश्मीरमधल्या जुन्या घरांच्या मातीच्या छपरांवर रानट्युलिप उगवत आलेत. हिवाळ्यात छपरावर बर्फ, उन्हाळ्यात तेच छप्पर कोरडं ठणठणीत. कुणी पाणी घालत नाही, कुणी खणत नाही.

अंगणवेडी (ॲम्स्टलवेन)

ताई, काल एका जागी उकरून पाहिलं. तुम्ही म्हणालात तसेच, एका जागी चार बारके कंद, त्यातला सर्वांत मोठा सुपारीएवढा. मला खूप वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं की ते जिवंत आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. आता घराच्या पुढच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत लावायचं ठरवलंय, तिथे लॅव्हेंडर आहे आणि त्याला मी पाणी घालत नाही. चालेल ना? आणि या बारक्यांचं काय करू?

निफाडची लेक (हार्लेम)

लॅव्हेंडरची जागा सोन्यासारखी. त्यालाही कोरडं पाऊल हवं, आणि जूनमध्ये ट्युलिपची पिवळी पानं त्याच्या झुडपांआड झाकली जातील, म्हणजे कापायचा मोहही होणार नाही. माती चिकट आहे म्हणून वाफा वीतभर उचलून घ्या, जाडसर रेती आणि कुजलेलं कंपोस्ट मिसळा. ताजं शेणखत अजिबात नको, कंद कुजतात. फेब्रुवारीत कोंबांची लालसर टोकं दिसली की बल्बचं खत मूठभर पसरा, फूल गेल्यावर परत थोडं. मार्च-एप्रिल कोरडे गेले तर तेव्हा पाणी जरूर द्या, पानं हिरवी आहेत तोवर त्यांना ओल हवीच. पाणी तोडायचं ते जूनपासून.

बारके फेकू नका. सगळे काढून घ्या, घोळून माती झाडा, मऊ लागतील किंवा हिरवट बुरशी दिसेल ते तेवढे टाका. बाकीचे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून शेडमध्ये हवेशीर टांगा. नोव्हेंबरात कुठल्याही उन्हाच्या कोपऱ्यात एका ओळीत लावा, वाटाणे लावल्यासारखे. दोन-तीन वर्षं फुलाची अपेक्षा करायची नाही, कळी आलीच तर खुडायची. दर जूनमध्ये पानं वाळली की काढायचे, शिंप्याच्या टेपने घेर मोजायचा. ज्याचा घेर दहाच्या पुढे गेला तो पुढच्या अंगणात. पॅरट आणि दुहेरी असतील ते बहुधा कधीच तिथवर पोचणार नाहीत, पण साठांत चांगल्या जातीचे काही निघतातच.

नव्यात या वर्षी 'आपेलडोर्न' वीस, 'पुरिसिमा' दहा, 'टार्डा' पन्नास घ्या. टार्डाचे कंद स्वस्त असतात आणि हेझलनटएवढेच असतात, घाबरू नका, त्याचा आकार तेवढाच. वाफ्याच्या अगदी पुढच्या कडेला लावा, जाता-येता दिसतील असे.

अंगणवेडी (ॲम्स्टलवेन)

आज तिन्ही आणले, शेडमध्ये टांगलेत. काल संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या घरी जाऊन विचारलंही. नव्वदीच्या एक बाई आहेत. ट्युलिपच्या जातीचं नाव त्यांना आठवत नाही, पण म्हणाल्या, नवऱ्याने लावले होते, त्यानंतर कधी पाणी घातलं नाही आणि पानं कधी कापली नाहीत. जूनमध्ये ये, म्हणाल्या, चार कंद तुला काढून देते.