एका दिवसात विजापूर: खाजगी गाडी, तिथला गाईड आणि सोबत वयस्कर माणसं, कसं बसवावं?

खानापूर_रोड:
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून पाहुणे येतायत, त्यांना विजापूर दाखवायचं आहे. एकूण सहा जण. त्यात आई आणि मावशी, दोघी सत्तरीच्या पुढच्या. मावशीच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. शिवाय पाचवीतला एक मुलगा. गाडी-ड्रायव्हर बेळगावातून घेणार, गाईड तिथला. सहलीची बस नको, आपल्या चालीनं बघायचंय. पहाटे चारला निघून रात्री घरी, असं जमेल का? गोलघुमट, जामा मशीद, बाराकमान, मुलूखमैदान तोफ आणि इब्राहिम रोझा एवढं तरी व्हावं. गाईड दिवसभरासाठी घ्यावा की एकेका ठिकाणी? मराठीत सांगणारा मिळतो का? आणि मावशींना गोलघुमटावर न्यावं का?

टिळकवाडीकर:
दिवस एकच पुरतो, पण पहाटे चारला निघून नव्हे. आदल्या दुपारी निघा आणि रात्री विजापुरातच मुक्काम करा. चारला निघालात तरी मुधोळ-जमखंडीकडून जाताना चहा-नाश्ता धरून नऊ-साडेनऊ होतात. तोवर गोलघुमटासमोर शाळांच्या बसगाड्यांची रांग लागलेली असते, डिसेंबर-जानेवारी म्हणजे सहलींचाच हंगाम. गोलघुमटाचा जीव घुमटाच्या आतल्या वरच्या सज्ज्यात आहे, तिथं कुजबूजही पलीकडे ऐकू जाते आणि तो सज्जा शांततेतच ऐकू येतो. दोनशे पोरं एकदम ओरडायला लागली की वर नुसता गोंगाट उरतो, शेजारच्याचं बोलणंही कळत नाही.

म्हणून सगळा दिवस या एका गोष्टीभोवती बांधा: उजाडता दाराशी हजर. दार नेमकं कधी उघडतं ते आदल्या संध्याकाळी तिकीट खिडकीवर विचारून घ्या. लॉज निवडताना हाच विचार ठेवा. गोलघुमट शहराच्या पूर्व टोकाला, रेल्वे स्टेशनजवळ आहे, त्याच बाजूला खोली घेतलीत की सकाळी पाच मिनिटांत पोचाल.

पुढचा क्रम सरळ पूर्वेकडून पश्चिमेकडे. गोलघुमटावर दीड तास, मग नाश्ता. साधारण सव्वानऊला जामा मशीद, पाऊण तास. मग कोटातला गगनमहाल हा जुना राजवाडा आणि बाराकमान मिळून एक तास. अकराच्या सुमारास मुलूखमैदान आणि जवळचा उपली बुरूज, म्हणजे टेहळणीचा उंच बुरूज. शेवटी इब्राहिम रोझा, तिथं सव्वा तास तरी ठेवा. दीडला जेवण आणि परतीची वाट. हा क्रम उलटा केला की गोलघुमट भर गर्दीत सापडतो, आणि मागे-पुढे करत बसलात तर शहरातल्या रहदारीतच तास जातो.

शुक्रवार टाळा. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारची मोठी नमाज असते. संग्रहालय इतर दिवशीही दहाला उघडतं, म्हणजे सकाळच्या फेरीत ते बसत नाही. शिलालेख, लघुचित्रं, चिनी मातीची भांडी यांत रस असेल तर उपली बुरूज गाळा आणि दहाला मागे फिरा. दोन्ही ओढाताण करून बघण्यात अर्थ नाही.

अथणी_वेस:
गाडीचं सांगतो.

बेळगाव-विजापूर एका बाजूनं साधारण दोनशे किलोमीटर. आत फिरणं धरून येऊन-जाऊन सव्वाचारशेच्या आसपास मोजा. भाड्याच्या गाडीला दिवसाला किमान किलोमीटर लावतात, बहुधा २५० किंवा ३००. तुमचा प्रवास दोन दिवसांचा झाला की दोन दिवसांचं किमान लागणार, म्हणजे न चाललेल्या किलोमीटरचेही पैसे. भाव ठरवताना ही गोष्ट आधी बोला. ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग यांतलं काय धरलंय आणि काय वेगळं, ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ड्रायव्हर रात्री झोपणार कुठं हेही विचारा. गाडीतच वेडावाकडा झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाच तास चालवणार, हे बरोबर नाही.

पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेतली आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

परवान्याचंही बघा. गाडी फक्त कर्नाटक परवान्याची असेल आणि मोबाईलनं मिरज-जत असा रस्ता दाखवला, तर तुम्ही महाराष्ट्रात शिरता आणि तपासणीत अडकता. चिकोडी-अथणी किंवा यरगट्टी-लोकापूर-मुधोळ-जमखंडी, दोन्ही वाटा आपल्याच राज्यातून जातात. ड्रायव्हरला निघण्याआधी वाट सांगून ठेवा. पाहुण्यांनी पुण्याहूनच टॅक्सी आणली तर तिला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का ते विचारा, नसेल तर कर्नाटकाचा कर भरावा लागेल.

आणि रात्रीचा परतीचा प्रवास नकोच. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. गोकाक, मुधोळ, जमखंडी, अथणी या पट्ट्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, ट्रॉलीबाहेर हात-दीड हात ऊस लोंबतोय. समोरच्या गाडीच्या उजेडात ती ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. दुपारी अडीचला निघालात तर निम्म्याहून जास्त रस्ता उजेडात सरतो.

सुवर्णसौधातलं, म्हणजे बेळगावच्या विधानसभा इमारतीतलं, हिवाळी अधिवेशनही बहुधा डिसेंबरातच असतं. ते चालू असलं की बेळगावात चांगल्या गाड्या मिळत नाहीत. तारीख ठरली की लगेच सांगून ठेवा.

मोडी_वाचक:
गाईड अर्ध्या दिवसाचा पुरे. पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा आणि बोलताना चारही गोष्टी एकदम ठरवा: कुठली ठिकाणं, किती वेळ, किती माणसं, एकूण किती रुपये. "एका ठिकाणाचे इतके" असं ठरलं की पाचव्या ठिकाणी हिशेब वाढतो. वाटेत दुकानात नेऊ नका, हेही सुरुवातीलाच स्वच्छ सांगा. तिकिटं तुम्हीच काढा. गोलघुमट आणि इब्राहिम रोझा दोन्हीकडे वेगळं तिकीट आहे, भारतीयांना २५ रुपये, ऑनलाईन काढलं तर २०, पंधरा वर्षांखालच्यांना नाही.

मराठीत सांगणारा मिळेलच असं धरू नका. कन्नड आणि दख्खनी हिंदी सगळ्यांना येते. बेळगावच्या माणसाला दख्खनी सहज कळते, पुण्याच्या पाहुण्यांनाही जमेल. चाचपायचं असेल तर फोनवरच विचारा, "जामा मशिदीतला सोन्याचा मेहराब कुणी केला?" मशीद पहिल्या अली आदिलशहाची, मेहराबावरचं सोनेरी काम १६३६ साली मुहंमद आदिलशहाच्या काळात झालं. एवढं नीट सांगणारा माणूस पुढचंही नीट सांगतो.

काही गोष्टी मात्र तिथं सर्रास चुकीच्या सांगतात. घरून माहीत करून गेलात तर मुलाच्या डोक्यात त्या पक्क्या बसणार नाहीत.

"जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट." गोलघुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटर, आतून ३८ च्या जरा आत. रोमच्या पँथिऑनचा आतला व्यासच ४३ मीटर आहे, तिथल्या सेंट पीटर्सचा ४२ च्या आसपास. तेव्हा दुसरा वगैरे नाही. पण चौकोनी दालनावर, मधे एकही खांब न घेता, दगड-चुन्यात एवढा घुमट १६५६ पर्यंत उभा केला ही गोष्ट क्रमांकाशिवायही मोठीच आहे.

"गोलघुमटावर सावली पडेल म्हणून बापानं बाराकमानचं काम थांबवलं, मुलाला मारलं." बाप मुहंमद आदिलशहा, गोलघुमट ही त्याचीच कबर, १६५६ ला गेला. बाराकमान ही मुलाची, दुसऱ्या अली आदिलशहाची, अर्धवट राहिलेली कबर. तो १६७२ पर्यंत राज्य करत होता, त्याच्या मरणानं काम अर्धवट राहिलं. शिवाय दोन्हींत दीड-दोन किलोमीटरचं अंतर आहे.

"ताजमहाल बघून इब्राहिम रोझा बांधला." दुसरा इब्राहिम आदिलशहा १६२७ ला वारला, रोझा त्या सुमाराचा. ताजचं काम त्यानंतर सुरू झालं.

खानापूर_रोड:
मुक्काम करायचं ठरवलं. टिळकवाडीकर, सज्ज्यात नेमकं काय करायचं ते जरा सविस्तर सांगाल? आणि मावशींचं काय?

टिळकवाडीकर:
मावशींना वर नेऊ नका. सज्जा सुमारे ३३ मीटरवर आहे, म्हणजे दहा-अकरा मजले चढण्याइतकं. कोपऱ्यातल्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यातून जिना जातो. अरुंद, पायऱ्या उंच आणि पावलांनी झिजून मधे खोलगट झालेल्या. प्रत्येक मजल्यावर खिडकीशी थांबता येतं, पण गर्दीत वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच जिन्यात येतात आणि मधेच बसायला जागा उरत नाही. उतरताना गुडघ्यावर जास्त भार पडतो. आईंना खालून दोन मजले चढून बघू द्या, जड वाटलं तर तिथूनच परत.

खालीही बघण्यासारखं खूप आहे. दालनाच्या मधोमध चौथऱ्यावर लाकडी छत्रीखाली ज्या कबरी दिसतात त्या वरच्या, खऱ्या खाली तळघरात आहेत. मावशींना एका कोपऱ्यात उभं करून वर बघायला सांगा. चारी बाजूंनी आठ कमानी एकमेकींना छेदत आत झुकतात आणि चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचं वर्तुळ होतं. घुमट बाहेर ढकलतो, या झुकलेल्या कमानींचं वजन आत ओढतं, म्हणून भिंती फाकत नाहीत. हे खालूनच नीट दिसतं, वरून नाही.

आता क्रम. गाईड सवयीनं आधी खाली अर्धा तास माहिती सांगतो. त्याला म्हणा, आधी वर, माहिती नंतर. शांतता पहिल्या अर्ध्या तासातच असते, इमारत कुठं पळत नाही.

वर गेल्यावर दोन गट करा आणि समोरासमोर जा. आवाज मधल्या पोकळीतून नेऊ नका, भिंतीला धरून न्या: भिंतीपासून वीतभर अंतरावर तोंड ठेवून, भिंतीच्या कडेकडेनं, अगदी हळू बोला. पलीकडच्यानं कान भिंतीशी न्यायचा. वाकलेल्या भिंतीवरून आवाज घसरत जातो आणि कुजबूज शेजारून आल्यासारखी येते. मुलाला कागदाचा कपटा फाडायला सांगा, तो टर्र आवाजही पोचतो. मग एकच टाळी. एकच, आणि मग सगळ्यांनी गप्प. आवाज पलीकडे जाऊन परत यायचं अंतर सुमारे ७५ मीटर, म्हणजे जवळजवळ पाव सेकंदाला एक प्रतिध्वनी. बोटांवर मोजता येतात, सात-आठ सहज. दुसरी टाळी लगेच वाजली की मोजणं संपलं. बहुतेकांचं तिथंच चुकतं, वर पोचल्यावर पहिली आरोळी ठोकतात आणि मग काहीच कळत नाही.

चपला दाराशी काढाव्या लागतात, इब्राहिम रोझालाही. सकाळी दगड गार, दुपारी तापलेला. दोघींसाठी जाड मोजे सोबत ठेवा, पण जिना चढणाऱ्यांनी मोजे काढूनच चढा, झिजल्या पायरीवर घसरतात.

मोडी_वाचक:
इब्राहिम रोझाबद्दल एक. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक कबर आणि एक मशीद, मधे हौद. लोक दोन्हींत एकेक चक्कर मारून निघतात. कबरीच्या बाहेरच्या भिंतीवरच्या जाळ्या जवळून बघा, दगड कापून अक्षरांचीच जाळी केली आहे आणि आतून बघितलं की अक्षरांच्या मधून उजेड येतो. मशिदीच्या छज्जाखाली दगडी साखळ्या लोंबतात, कड्यात कडी अडकवलेली, एकाच दगडातून काढलेली. थोड्याच उरल्यात, हात लावू नका.

मुलूखमैदानही घाईत उरकू नका. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, परांड्याहून १६३२ मध्ये विजापूरला आणलेली. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती, मुलगा हत्तीचं डोकं शोधत बसेल. वजन ५५ टनांच्या आसपास. उन्हातही धातू गार लागतो असं म्हणतात, पाठीवर हात ठेवून त्यालाच ठरवू द्या.

अथणी_वेस:
मराठी पाहुणे असले की साठ कबरीचं विचारतातच, अफझलखानाच्या बायकांच्या म्हणतात त्या. शहराबाहेर पश्चिमेला, शेतांमधून वाट आहे, साठच्या वर कबरी ओळीओळीनं. तिथली कथा ही दंतकथा म्हणूनच ऐकावी. मोठी गाडी शेवटपर्यंत जात नाही, पायी चालावं लागतं, म्हणून दोघी सोबत असताना हे गाळा. जायचंच असेल तर इब्राहिम रोझानंतर तिथलीच रिक्षा करा.

आसार महालात महिलांना आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघावं लागतं. ते ठिकाण धरू नका.

जेवणाला हॉटेलाऐवजी खानावळ गाठा. जोंधळ्याची कडक भाकरी, भरलेलं वांगं, शेंगाचटणी, दही. मावशींना कडक भाकरी चावत नसेल तर मऊ भाकरी म्हणून वेगळी सांगा, तव्यावरून लगेच देतात. दीडनंतर गर्दी वाढते, तेव्हा रोझातून निघतानाच ड्रायव्हरला जागा धरायला पुढे पाठवा.