कामगंध सापळ्यांच्या नोंदी आणि नववीचा वर्ग

ग्रामीण मुलांना तक्ते-आलेख वाचण्याचा सराव नसल्यामुळे वैज्ञानिक विचारक्षमतेच्या चाचण्यांत ती मागे पडणारच, हे मत मला अर्धेच पटते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शाळेत नववीला मी कपाशीतील कामगंध सापळ्यांवर (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या सापळ्यांवर) एक प्रश्न दिला होता. गुलाबी बोंडअळीचे प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग सलग तीन रात्री आढळले, की फवारणीचा निर्णय घ्यावा, हा निकष प्रश्नातच लिहिला होता आणि सात रात्रींचे आकडे होते : ६, ९, १२, ७, ८, ९, १०. बऱ्याच जणांनी १२ हा मोठा आकडा पाहून तिसरी रात्र लिहिली, काहींनी सवयीने सरासरी काढली. मात्र ज्यांच्या घरच्या वावरात सापळे लागतात, त्यांच्यापैकी बहुतेकांनी चौथ्या रात्रीच्या ७ मुळे सलगता तुटते हे हेरून सातवी रात्र ठरवली. आलेखातील अक्षांची नावे न सांगता येणारी मुलेही त्यांत होती.

अर्थात, नुसते ‘सातवी’ हे उत्तर शेवटचा आकडा म्हणून अंदाजानेही येऊ शकते. म्हणून अमेरिकन विज्ञानशिक्षण संशोधक अँटन लॉसन यांच्या वैज्ञानिक विचारक्षमतेच्या चाचणीच्या बहुपर्यायी आवृत्तीत २४ प्रश्न बहुतांशी जोड्यांनी येतात, आधी उत्तर आणि लगेच त्याचे कारण, ती रचना आपल्या घटक चाचण्यांतही सहज आणता येईल. एका विद्यार्थिनीने कारणाच्या जागी उलट प्रश्नच लिहिला होता : चौथ्या रात्री पाऊस होता का? म्हणजे ७ हा आकडा पावसामुळे तर कमी आला नसेल, अशी तिची शंका होती. मी तिला पूर्ण गुण दिले.