बार्बेलचा रॉड: मासा बघून घ्यायचा की नदी बघून?

तळशोध्या

१६ जूनला इंग्लंडातल्या नद्या मासेमारीला उघडतायत, आणि 'बार्बेलसाठी (नदीच्या तळाशी राहणारा, मिशांचा, दमदार मासा) कुठला रॉड घेऊ?' हा प्रश्न दरवर्षीप्रमाणे फिरायला लागलाय. उत्तरही ठरलेलं: १२ फुटी, १.७५ पौंड टेस्ट कर्व्ह, डोळे झाकून घे. हे डोळे झाकून घेणं मला पटत नाही, म्हणून हा धागा.

टेस्ट कर्व्ह म्हणजे रॉडचा शेंडा मुठीशी काटकोनात यायला किती वजन ओढावं लागतं, तो आकडा. रॉड कुठून वाकतो हे त्यातून कळत नाही. १.७५ चेच दोन रॉड शेजारी धरून वाकवा. एक पार मुठीपर्यंत गोल होतो, दुसऱ्याचा फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकतो आणि खालचा ढिम्म हलत नाही. बार्बेल हातजाळ्याच्या तोंडाशी येऊन शेवटची बुडी मारतो तेव्हा जेमतेम रॉडएवढीच लाइन (गळाची दोरी) बाहेर असते. त्या क्षणी पहिला रॉड वाकून झटका सोसतो, दुसऱ्यावर गळ सुटतो. आकडा दोघांचा एकच!

माझं म्हणणं साधं आहे. बार्बेल सगळीकडे तोच. सेव्हर्न नदीतले बार्बेल तर १९५६ मध्ये केनेट नदीतून आणून सोडलेल्यांचे वंशज. तोच मासा, पण केनेटच्या शेवाळी पाण्यात जो रॉड गोड वाटतो तो सेव्हर्नच्या पुरात रडवतो. तेव्हा आधी नदी ठरवा. तिथे आमिष तळाला टिकायला लाइनवर किती शिसं लागतं, डोक्यावर फांद्या किती, तुमच्यात आणि माशात काय आडवं येतं. माशाचं वजन सगळ्यात शेवटी.

ट्रेंटवाला

केनेटकाठी बसून असं लिहायला छान वाटतं. क्रॉमवेलच्या बंधाऱ्याखाली या एकदा, जिथून ट्रेंट नदीला भरती-ओहोटी लागते. तिथे ३ औंस शिसं तळाला थांबतच नाही, गडगडत काठाला येतं.

आणि लोक फीडरवर (शिसं लावलेली, खाद्य भरायची जाळीदार नळी) छापलेला आकडा वाचतात, हेच मुळात चुकतं. ३ औंस म्हणजे नुसत्या शिशाचं वजन, ८५ ग्रॅम. त्यात खाद्याच्या ओल्या गोळ्या दाबून भरल्या की १०० ग्रॅमच्या पुढे गेलात. ढोबळ हिशेब असा की टेस्ट कर्व्हच्या दर पौंडाला १ औंस फेकायचा. म्हणजे १.७५ चा रॉड ५० ग्रॅमला खूश. त्याच्या दुप्पट लावून जोरात फेकलंत तर फेक तर जात नाहीच, वर शेंड्याजवळचा जोड कधी बोलेल सांगता येत नाही. मी २.५ पौंडांचा वापरतो आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. 'हा कार्पचा (जड माशाचा) रॉड आहे' म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

चिखलपाय

ट्रेंटवाले, पुरात एवढं लांब फेकायचंच कशाला? पाणी चढलं की मासे मधल्या धारेत उभे राहात नाहीत, कडेच्या संथ पाण्यात सरकतात. जोरात वाहणारं आणि थांबलेलं पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेघेवर, पुष्कळदा तुमच्या बुटांपासून दोन रॉडांच्या अंतरावर. तिथे खालून झोका देऊन सोडलेला फीडर पुरतो. त्याला २.५ चा रॉड लागत नाही.

दुसरं, शिसं हलतं ते शिशावरच्या पाण्याने कमी आणि लाइनवरच्या पाण्याने जास्त. थोडं वरच्या अंगाला टाका, शिसं तळाला टेकलं की आणखी लाइन सोडा, पाण्यात तिचा बाक होऊ द्या. मग ओढ वर उचलणारी राहात नाही, तळालगत येते, आणि २ औंसही टिकतं. माशाने आमिष उचललं की शिसं सुटतं आणि शेंडा एकदम ताठ होतो. हे दिसायला शेंडा मऊच हवा. तुमच्या २.५ वर काय दिसणार?

ट्रेंटवाला

काय दिसणार म्हणजे? अख्खा रॉड स्टँडवरून जाताना दिसतो! बार्बेलला बारीक शेंडा लागतो हीच मला गंमत वाटते. चब हा दुसरा मासा आमिषाला टोचतो, नखरे करतो, तिथे मऊ शेंडा ठीक. बार्बेल आमिष घेऊन वळतो आणि स्वतःच अडकतो. रीळाचा स्पूल मोकळा ठेवा किंवा हात रॉडवर ठेवा, नाहीतर रॉड नदीत शोधावा लागेल.

बाकाचं म्हणाल तर मान्य, पण तो बाक पाण्यात वाहून येणारा कचराही गोळा करतो. पानं, गवत, काटक्या सगळं लाइनवर येऊन बसतं आणि दहा मिनिटांत शिसं उठतं. पुरात मी शेंडा आभाळाकडे ठेवतो, म्हणजे लाइन कमीत कमी भिजते. म्हणून १२ फुटी. जमलं तर १३.

आडोसा

लांबीवरून कोणी भांडत नाहीये हे बघून नवल वाटलं, म्हणून मी येतो.

टीमसारख्या नदीवर जा. दोन्ही काठांना विलो, फांद्या पाण्यात टेकलेल्या, उभं राहायला जागा कपाटाएवढी. तिथे १२ फुटी रॉड उभा करायलाच होत नाही. मासा लागला की तो मुळांखाली जाणार आणि तुमचा शेंडा वर फांदीत. माझ्याकडे १० फुटी आहे, १.५ चा. शिवाय रॉड ही तरफ आहे आणि मासा खेळवताना ती माशाच्या बाजूने असते. तेवढीच ओढ द्यायला १२ फुटीवर मनगटाला जास्त पीळ बसतो. मुळांपासून मासा पहिल्या दोन-तीन सेकंदांत फिरवायचा असतो, तिथे हा फरक नुसता कागदावरचा राहात नाही.

अर्थात वाय नदीवर, दगडांमधून ३० यार्डांवरून लाइन उचलायची असेल तर १० फुटी कुचकामी. तेव्हा तळशोध्या, 'आधी नदी' याला माझा पाठिंबा, पण तुम्ही लांबीला दोन शब्दही दिले नाहीत.

सेव्हर्नकाठची

सगळे रॉडच्या मागे लागलेत, लाइनचं नावच नाही. जुना हिशेब टेस्ट कर्व्ह गुणिले ५ असा होता. १.७५ ला साधारण ९ पौंडांची लाइन. आज बार्बेलला १० ते १२ सर्रास लावतात आणि खडकाळ तळ असेल तर तेच बरोबर. पण मग १.२५ च्या नाजूक रॉडवर १२ ची लाइन लावून काय साधलं? लाइन सोसेल तेवढी ओढ रॉड देतच नाही. मासा मात्र दुप्पट वेळ लढत राहतो.

आणि बार्बेल अर्धवट लढत नाही, अंगातला शेवटचा थेंब संपेपर्यंत ओढतो. उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट, त्यात ऑक्सिजन कमी. दमवून काढलेला मासा लगेच सोडला तर पोट वर करून वाहात जातो. प्रवाहाकडे तोंड करून जाळ्यात धरून ठेवावा लागतो, तो आपल्या जोरावर निसटेपर्यंत. कधीकधी यात लढाईपेक्षा जास्त वेळ जातो. 'हलक्या रॉडवर मजा येते' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, मजा कोणाला?

जाता जाता: जाळं मऊ आणि बारीक विणीचं घ्या. पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा असतो, मोठ्या विणीत अडकला की सोडवताना पर फाटतो.

तळशोध्या

सेव्हर्नकाठची, लढाई लांबते ती रॉडमुळे कमी आणि धरणाऱ्यामुळे जास्त. रॉड सरळ वर धरून उभं राहिलं की शेंडाच काम करतो. तोच रॉड खाली, कडेला वळवून धरला की मुठीकडचा भाग कामाला लागतो आणि १.५ चा रॉडसुद्धा बार्बेलचं डोकं फिरवतो. मात्र १.२५ वर १२ ची लाइन हा विनोद आहे, तिथे वाद नाही.

आडोसा, लांबीचं राहिलं खरं. माझा नेहमीचा ११ फुटी आहे. म्हणजे दोन्हीकडून शिव्या.

नवा_गडी

मोठ्यांच्या वादात तोंड घालतो. मला एकच रॉड घ्यायचाय. सेव्हर्नचा मधला पट्टा, कधी वाय. घरी २.७५ चा कार्पचा पडून आहे, तो चालेल का? आणि ते दोन शेंड्यांवाले रॉड मिळतात ते कसे?

चिखलपाय

२.७५ चा पुरासाठी ठेव. उन्हाळ्यात त्यावर ४ पौंडांचा मासा लागला तर रॉडला पत्ताही लागणार नाही आणि गळ ओठातून उचकटेल.

दोन शेंड्यांवाला चांगला, पण कारण समजून घे. साधा शेंडा हा खरा बार्बेलचा. क्विव्हर शेंडा (बारीक, मऊ, चावा दाखवणारा) हिवाळ्यात, पाणी उतरलेलं आणि निवळ असताना. जोरदार धारेत ३ औंस लावून क्विव्हर वापरलास तर तो आधीच पूर्ण वाकलेला असतो, चावा दाखवायला त्याच्याकडे काही उरतच नाही.

सेव्हर्नकाठची

तुझ्या दोन्ही नद्यांना १२ फुटी, १.७५, मुठीपर्यंत वाकणारा. आणि लायसन्स दोन रॉडांचं मिळतं म्हणून दोन्ही पाण्यात टाकायची गरज नाही. एकाला मासा लागला की दुसऱ्याची लाइन त्यात गुंडाळलीच समज.

आडोसा

म्हणजे एवढं भांडून पुन्हा १२ फुटी, १.७५!

तळशोध्या

त्याने नदी सांगितली, मग उत्तर आलं. फरक तेवढाच आहे.

नवा_गडी, दुकानात रॉड हवेत हलवून बघू नकोस, त्यातून काही कळत नाही. रीळ बसव, लाइन सगळ्या कड्यांतून ओव, टोक कोणाला तरी जमिनीजवळ धरायला सांग आणि सावकाश उचल. बाक कुठपर्यंत उतरतो ते बघ. दोन कड्यांच्या मध्ये लाइन रॉडच्या अंगाला घासत असेल तर कड्या कमी आहेत, परत ठेव.

ट्रेंटवाला

आणि सोबत भरलेला फीडर ने. रिकाम्या रॉडवर प्रेम बसायला वेळ लागत नाही. क्रॉमवेलखाली येणार असशील तेव्हा मात्र तो १.७५ गाडीतच राहू दे, घरातला २.७५ घेऊन ये.